मंगलाबाईची मोजणी

पालघरकडच्या दांडीच्या किनाऱ्यावर जिथं घरं संपतात आणि वाळू सुरू होते, त्या पट्ट्यात बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. खांब रोवायचे, खांबांना आडव्या दोऱ्या ओढायच्या, की झाली वलांडी. तिच्यावर बोंबील वाळतात. मोसम भरात असला की दोरीवर दोरी भरून जाते आणि वाऱ्याबरोबर सगळी वलांडी हलू लागते. नव्या माणसाला वास येतो. दांडीच्या माणसाला येत नाही. त्याला तो हवेचाच वास वाटतो.

या वलांड्यांखाली मंगला पागधरेचं आयुष्य गेलं.

बोंबील कधी एकटा टांगत नाहीत. दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचे. एक अलीकडे, एक पलीकडे. त्याचे दात बारीक आणि आत वळलेले असतात. एकदा गुंतले की कितीही वारा सुटला तरी जोडी सुटत नाही. मोजायचं तेही मग जोडीनंच. जोडीला एक. शंभर म्हटले की दोनशे बोंबील, हे दांडीत कुणी कुणाला शिकवत नाही. जसं भरती-ओहोटी कुणी शिकवत नाही.

मंगलाबाई सात वर्षांची असताना मुरब्याला, आपल्या माहेरी, आईच्या पदराला धरून मोजायला शिकली. पहिल्या जोडीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. पुढं पुढं ओठ हलायचे थांबले. हात दोन मासे उचलायचे आणि आकडा आत कुठंतरी आपोआप पडायचा, जसा झावळीतून थेंब पडतो. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. पण तिनं मोजलेला माल व्यापारी परत मोजत नसत. एकदा सातपाटीकडच्या एका नव्या व्यापाऱ्यानं मोजायला घेतला होता. बरोबरच्या बायकांनी त्याला हसून बेजार केलं. "शेठ, मोजून झालं की समुद्राचं पाणी पण मोजा. कमी भरलं तर सांगा."

चाळीस वर्षांत तिची मोजणी चुकली नव्हती. एवढी एकच गोष्ट ती स्वतःबद्दल अभिमानानं सांगायची.

करोनाचं दुसरं वर्ष आलं ते पहिल्यापेक्षा जवळून आलं. पहिल्या वर्षी तो बातम्यांत होता. दुसऱ्या वर्षी तो ओळखीच्या दारांत शिरला. मंगलाबाईचा सख्खा भाऊ भिका, मुरब्याचा, रुग्णवाहिकेत स्वतःच्या पायांनी चढला. चढताना म्हणाला, "मंगले, शुक्रवारी येतो, सुका मासा ठेव." नवव्या दिवशी फोन आला. त्याचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नाही. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की मंगलाबाईला आतून थंडी वाजायची. ती एकटी नव्हती. गावानं वेशीवर बांबू आडवा बांधला होता आणि ठराव केला होता: जो दवाखान्यात जाऊन येईल, त्यानं चौदा दिवस गावाबाहेर शाळेत राहायचं. ठराव कडक होता, पण भीती त्याहून कडक होती.

अशात वैशाखातल्या एका दुपारी तिची नात भाविका तापानं फणफणली.

भाविका तीन वर्षांची. निमेशची मुलगी. निमेश, मंगलाबाईचा मुलगा, बोटीवर होता. बोट दोन दिवसांनी येणार होती. घरात मंगलाबाई, तिचा नवरा शांताराम आणि सून तेजल. तेजल बोईसरची. तिचा बाप कारखान्यात पाळी करायचा, भाड्याच्या खोलीत तिचं लहानपण गेलं. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी बोंबलाचा जबडा अडकवताना तिच्या बोटातून रक्त यायचं, आणि मंगलाबाई म्हणायची, "मासा तुला चावतो, का तू माशाला?"

पोरीला दोन दिवस खोकला होता. त्या दुपारी ती खेळेना, रडेना, नुसती पडून राहिली. तेजल मोबाईल घेऊन आली.

"आई, बायकांच्या ग्रुपवर एक नंबर आलाय. पालघरला काही डॉक्टर आणि सिस्टर मिळून मुलांच्या आजाराचं फोनवर सांगतात. लावू का?"

शांताराम ओसरीवर जाळं सांधत बसला होता. तीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवलेला माणूस. तो तिथूनच म्हणाला, "फोनवर नाडी बघतात काय? उद्या फोनवर मासे पकडतील."

"आणि तुमी वायरलेसवर वादळ ऐकायचात तेव्हा?" मंगलाबाई म्हणाली. "तुमाला दिसायचं वादळ? पण बोट वळवायचात ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

शांताराम जाळ्याकडे वळला. त्यानं दोरा दातानं तोडला. तेजलनं नंबर लावला.

चार वेळा लागला नाही. पाचव्या वेळी एका बाईचा आवाज आला. थकलेला, पण घाई न करणारा. "नमस्कार, मी अर्चना सिस्टर. बाळाचं वय किती?"

तेजलनं फोन स्पीकरवर टाकला आणि तिघीजणी पोरीभोवती बसल्या: एक आजी, एक आई आणि एक आवाज. ताप किती दिवस? पाणी पिते का? लघवी केली का? वजन? वजन मंगलाबाईनं चटकन सांगितलं, बारा किलो. मागच्याच महिन्यात पोरगी हौसेनं मासे तोलायच्या काट्याला लोंबकळली होती. सिस्टर हसली. मग म्हणाली, "फ्रॉक वर करा. श्वास घेताना बरगडीच्या खाली खड्डा पडतो का?"

दोघींनी वाकून पाहिलं. "नाय पडत."

"बरं. आता मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिटभर तिचे श्वास मोजा. छाती-पोट हलतं ते बघायचं. मध्ये बोलायचं नाही. मी थांबते."

"तू वेळ बघ," मंगलाबाई तेजलला म्हणाली. "मोजते मी."

तिनं पदर खोचला आणि नातीच्या पोटावर नजर लावली. आयुष्यात तिनं लाखो बोंबील मोजले असतील, पण श्वास कधी मोजला नव्हता. कुणी मोजतं का श्वास? तो असतोच. त्या एवढ्याशा पोटावर ती बघत राहिली आणि तिला वाटलं, हे कोण करतंय? पोरगी तर झोपलीये. मग आत बसून भाता कोण चालवतंय? कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, आणि जन्मल्यापासून एकदाही न विसरता चाललंय. तिच्या अंगावर काटा आला. पण आकडे पडत होते. लाभ, दोन, तीन.

"झालं मिनिट," तेजल म्हणाली.

"सव्वीस," मंगलाबाई म्हणाली.

पलीकडे सिस्टरनं श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "छान. या वयाला चाळीसच्या आत म्हणजे ठीक आहे. घरीच ठेवा." मग तिनं तापाचं औषध किती आणि किती तासांनी ते सांगितलं, पेज आणि पाणी घोटघोट द्यायला सांगितलं, आणि आवाज जरा उंच केला. "आता हे नीट ऐका. दर दोन तासांनी असेच श्वास मोजा. चाळीस किंवा वर गेले, किंवा तो खड्डा पडायला लागला, किंवा ती पाणी पिईना, तर मला फोन करत बसू नका. लाईन लागणार नाही. सरळ दवाखान्यात न्या. माझी वाट बघायची नाही. आता मला म्हणून दाखवा."

बोटीवर तांडेलानं हुकूम सोडला की खलाशी तो मोठ्यानं परत म्हणतो. वाऱ्यात शब्द हरवू नये म्हणून. मंगलाबाईला ते माहीत होतं. तिनं सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्द न गाळता. शेवटचं "माझी वाट बघायची नाही" सुद्धा सिस्टरच्याच आवाजात.

सिस्टर म्हणाली, "आजी, इतकं कुणी म्हणून दाखवत नाही हो. दिवसाला शंभर फोन घेते. माणसं ऐकतात सगळं, पण त्यांच्या मनात आधीच असतं तेवढंच पाळतात."

"आमी पाळणार, बाई," मंगलाबाई म्हणाली.

आणि पाळणं सोपं होतं. घरीच ठेवा, हेच तर तिघांना ऐकायचं होतं. शांतारामच्या कपाळाची आठी गेली. "बाई हुशार हाय," तो म्हणाला. मघाची माशांची गोष्ट तो विसरला होता. तेजलनं औषध दिलं. मंगलाबाई पेज ढवळत राहिली आणि तिच्या मनातून तो आवाज जाईना. कोण कुठली बाई, पालघरला बसून तिच्या घरात आली, पोरीचा फ्रॉक वर केला, बरगडी बघितली आणि परत गेली. देव असा येत असेल तर कुणाला कळतही नसेल.

साडेपाचला तिनं स्वतःच आठवण केली. "दोन तास झाले. लाव मिनिट."

ऊन तिरकं झालं होतं. ताप उतरला होता, पण पोरगी अजून निपचित होती. मंगलाबाईनं नजर लावली. या वेळी तेजलनं एका हातात मोबाईल धरला आणि दुसरा हात लेकीच्या पोटावर ठेवला. आईचा हात, तो मोजायला नव्हता, नुसता ठेवला होता. पण हाताखाली जे हलत होतं ते तिला कळत होतं, आणि सासूचे ओठ तिला दिसत होते. त्या दिवशी भीतीनं मंगलाबाईचे ओठ पुन्हा हलायला लागले होते, लहानपणीसारखे.

मिनिट संपलं.

"एकोणतीस," मंगलाबाई म्हणाली. "चाळीसच्या आत. देवाची कृपा."

तेजलनं मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, तुमी एक सोडून एक मोजताय."

"सोडते कुठं? चाळीस वर्षं मोजते मी. मला मोजायला शिकवते!"

"नाय आई. दोनदा पोट वर येतं तेव्हा तुमचे ओठ एकदा हलतात. बघा ना."

"मग? जोडी मोजते." मंगलाबाई तडकून बोलली. "जोडीला एक."

बोलली आणि तशीच राहिली.

शब्द तोंडातून गेले होते आणि आता ते तिच्यासमोर उभे होते. पहिल्या श्वासाला तिच्या लेखी अर्धं काम व्हायचं, एक बोंबील हातात यायचा; दुसरा श्वास आला की जबड्यात जबडा अडकायचा, जोडी दोरीवर पडायची आणि मग आकडा. तिचं तिलाही कळलं नव्हतं. हातानं जे चाळीस वर्षं केलं ते डोळ्यानं केलं होतं. एकोणतीस जोड्या म्हणजे अठ्ठावन्न. दुपारच्या सव्वीस म्हणजे बावन्न.

तेजलनं परत मिनिट लावलं. एकएक मोजलं, मोठ्यानं. साठावर गेले. आणि आता, फ्रॉक वर केल्यावर, बरगडीच्या खाली कातडी आत ओढली जात होती. बोट टेकवून दाबावं तशी. दुपारी नव्हता तो खड्डा आता होता.

शांताराम दारात येऊन उभा राहिला. झालेलं त्याला कळलं. तो नातीकडे बघत होता. मग म्हणाला, "फोनवालीनं घरी ठेवायला सांगितलंय."

"सव्वीसावर सांगितलंय," तेजल म्हणाली. "साठावर नाय."

"दवाखान्यात नेऊन काय? भिका चालत गेला होता. चालत." त्याचा आवाज फाटला. "पोरीला एकटी ठेवतील. आपल्याला आत घेणार नाय. काय झालं तर तोंड पण..." त्यानं दाराची चौकट धरली. "परवा निमेश येतोय ना बोट घेऊन? तोवर बघू. नाहीतर परत फोन करा. ती काय म्हणते ते करू."

तेजलनं फोन लावला. लाईन व्यस्त. परत लावला. व्यस्त. सातव्यांदाही व्यस्त.

मंगलाबाईनं नातीचा हात हातात घेतला होता. तिच्या मनात जे चाललं होतं ते नंतर तिनं कुणापासून लपवलं नाही. फोन लागत नव्हता, याचं तिला आत कुठंतरी बरं वाटत होतं. लागला नाही तर ती बाई 'न्या' म्हणणार नाही. 'न्या' म्हटलं नाही तर न्यायचं नाही. भिकाची पाठ तिला दिसत होती, रुग्णवाहिकेच्या पायरीवरची. आणि आणखी एक गोष्ट तिला टोचत होती, सांगायला लाज वाटावी अशी: दवाखान्यात विचारतील, दुपारीच का नाही आणली? मग सांगावं लागेल की मंगला पागधरेची मोजणी चुकली. गावभर होईल. हे दोन काटे, एक मोठा आणि एक बारीक, एकत्रच रुतले होते, आणि खरं सांगायचं तर त्या घडीला कुठला जास्त दुखत होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग पोरीनं श्वास घेतला आणि नाकपुड्या फुलल्या. फुलल्या आणि मिटल्या. परत फुलल्या. हवा सगळीकडे होती. समुद्रावरून येत होती, दारातून येत होती, वलांड्या हलवत होती. तीन माणसं ती फुकट घेत उभी होती, आणि हे एवढंसं पाखरू तिच्यासाठी असं झगडत होतं, जसं जाळ्यातला मासा पाण्यासाठी झगडतो. मंगलाबाईनं मासे मरताना आयुष्यभर पाहिले होते. ते नाकपुड्यांचं उघडमीट तिला ओळखीचं वाटलं, आणि ओळख पटताच ती उठली.

"ठेव फोन," ती तेजलला म्हणाली. "तिनं सांगितलंय आधीच. फोन करत बसू नका. माझी वाट बघायची नाही. मी म्हणून दाखवलंय तिला."

"पण ऐक..." शांताराम म्हणाला.

"तुमी वायरलेसवर एकदा हुकूम ऐकलात की परत विचारायचात काय, खरंच वळू का म्हणून?"

शांतारामनं तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा तांडेल तो. बायकोच्या तोंडून हुकूम ऐकायची सवय नव्हती, पण हुकूम कसा असतो हे त्याला कळत होतं. तो बाहेर पडला. शेजारच्या कमलेशचा बर्फ वाहायचा टेम्पो होता. त्याच्या दारावर शांतारामचा आवाज ऐकू आला, बोटीवरून मारावी तशी हाक. टेम्पो वेशीवर पोचला तेव्हा म्हातारा त्याच्या पुढे पळत जाऊन उभा होता. आडवा बांबू बांधायला गावात सगळ्यात मोठ्यानं तोच बोलला होता. त्यानं तो स्वतःच्या हातांनी सोडला आणि डोक्यावर उचलून धरला.

"चौदा दिवस शाळेत," राखणीला बसलेला अंकुश म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणावं कळलं नाही.

"अठ्ठावीस राहीन," तेजल आतून म्हणाली.

टेम्पोत बर्फाचा गारवा होता. तेजलच्या मांडीवर पोरगी, आणि मंगलाबाई तिच्यावर वाकलेली. नवापूर मागं पडलं. पुढं कारखान्यांची धुराडी दिसू लागली, आणि संध्याकाळच्या पाळीच्या बसेस तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांनी भरून समोरून येऊ लागल्या. मंगलाबाईचं लक्ष कुठंच नव्हतं. ती एकएक मोजत होती. तिला ते जड जात होतं. हात आपोआप दुसऱ्याची वाट बघायचा आणि ती त्याला मागं ओढायची. असं वाटत होतं की उजव्या हातानं जेवणाऱ्याला कुणी डाव्यानं जेवायला लावलंय.

बोईसर जवळ आलं तेव्हा फोन वाजला. तोच आवाज.

"आजी, सात मिस कॉल दिसले. काय झालं? कुठं आहात?"

"गाडीत हाय, बाई. बोईसरच्या दवाखान्यात नेतोय." मंगलाबाईनं मोबाईल तोंडाशी ओढला. "बाई, माझी मोजणी चुकली. मी जोडीनं मोजले. आमचे बोंबील जोडीनं मोजतात. दुपारी बावन्न होते. आता साठाच्या वर. खड्डा पण पडतो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जोडीनं," सिस्टर सावकाश म्हणाली. "आणि मी विचारलंच नाही. मी जन्मभर एकएक मोजत आले, मला वाटलं सगळं जग तसंच मोजतं." मग तिचा आवाज एकदम कामाला लागला. "फोन ठेवू नका. मी दुसऱ्या फोनवरून दवाखान्यात कळवते. पोरीला आडवी नाही, अशी टेकून धरा. हां. बोलत राहा माझ्याशी. काय नाव तिचं?"

"भाविका."

"भाविकाचा श्वास मला ऐकवा."

मंगलाबाईनं मोबाईल नातीच्या तोंडाशी धरला. टेम्पोचा खडखडाट, रस्त्याचे हॉर्न, आणि त्यात ती बारीक, भरभर चाललेली धाप. ती धाप पालघरच्या त्या अनोळखी कानात चालली होती आणि तिथून एक शब्द येत होता, पुन्हापुन्हा: "चालू दे. चालू दे. चालू दे." देवळात पुजारी म्हणतो तसा नव्हे. दर्यात जाळं ओढताना खलाशी एकमेकांना म्हणतात, तसा.

दवाखान्याच्या फाटकात, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. "दांडीची पोरगी?" एवढंच तो म्हणाला. मंगलाबाई टेम्पोतून उतरायची थांबली. ज्या फाटकाची तिला इतकी भीती वाटत होती, त्या फाटकात तिच्या नातीची कुणीतरी वाट बघत होतं. एका बाईनं, जिला तिनं पाहिलं नव्हतं, आपल्या जागेवरून न उठता ते उघडून ठेवलं होतं.

बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजनचा आकडा आला, अठ्ठ्याऐंशी. नळी लावली. एकालाच आत राहता येणार होतं, तेजल राहिली. डॉक्टरनं विचारलं, लक्षणं कधीपासून, आणि मंगलाबाईनं दारातून सगळं सांगितलं, जोडीच्या मोजणीसकट, मोठ्यानं, रांगेतल्या लोकांनी ऐकलं तरी हरकत नाही अशा आवाजात. डॉक्टर तरुण होता. त्यानं पेन थांबवलं. "परत सांगा," तो म्हणाला. तिनं परत सांगितलं. कागदावर त्यानं काय लिहिलं ते तिला वाचता आलं नाही.

करोना नव्हता. छातीत न्यूमोनिया होता. दोन दिवस पोरगी नळीवर होती. त्या दोन दिवसांत मंगलाबाई दवाखान्याच्या आवारातल्या कट्ट्यावर बसून राहिली. बोट आली, निमेश धावत आला, तोही तिच्या शेजारी बसला. अर्चना सिस्टरचा फोन दिवसातून दोनदा यायचा. एकदा ती म्हणाली, "आजी, आता आम्ही सगळे सिस्टर लोक विचारतो, तुमच्याकडे कसं मोजतात? परवा एक बाई म्हणाली, पाचाच्या पंज्यानं. आंबेवाली होती." दोघी हसल्या. हसता हसता मंगलाबाई रडली, आणि सिस्टरनं तिला रडू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली आणि तेजलला तासभर अंघोळीला-जेवायला सोडलं. मंगलाबाईला आत घेतलं. तिला टोपी, मास्क, झगा, सगळं चढवलं. ती अशी दिसत होती की भाविका तिला बघून घाबरली असती. पण भाविका झोपली होती.

मंगलाबाई खाटेजवळ बसली. पोरीचं पोट वर आलं, खाली गेलं. सावकाश. खड्डा नव्हता. नाकपुड्या स्थिर होत्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ते चाललं होतं, भरती यावी आणि जावी तसं, कुणी न सांगता. मंगलाबाई जवळ सरकली. आणखी जवळ. तिनं मास्क खाली ओढला, नियम मोडून, आणि आपला गाल नातीच्या तोंडाशी नेला. गालावर ऊब आली. गेली. परत आली. एवढीशी ऊब. चिंचेचं पानही हललं नसतं तिनं. आणि तिच्यापुढं मंगलाबाईला आपली चाळीस वर्षं, लाखो बोंबील, व्यापाऱ्यांची शाबासकी, सगळं हलकं वाटलं. ती किती वेळ तशी वाकून होती, तिला कळलं नाही.

पोरीनं डोळे उघडले. समोर टोपीतलं, सुरकुतलेलं, नाकाला नाक लागेल इतकं जवळ आलेलं एक तोंड. तिनं ते निरखून पाहिलं. ओळखलं. आणि कपाळाला आठी घातली, हुबेहूब आजोबासारखी.

"आजी, सरक ना," ती म्हणाली. "गरम होतंय."